यार्डातले इंजिन

माझ्या वडिलांनी अडतीस वर्षे आगगाड्या जोडल्या आणि सोडविल्या. त्या गाड्यांत बसून ते स्वतः मात्र फारसे कोठे गेले नाहीत. १९५८ साली ते दौंडच्या रेल्वे यार्डात पॉइंट्समन म्हणून लागले आणि १९९६ साली शंटिंग जमादार म्हणून निवृत्त झाले. दौंड जंक्शन वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. पुण्याहून सोलापूरकडे जाताना गाडी तेथे थांबते, चहावाले ओरडतात, मनमाडकडे जाणारे प्रवासी गाडी बदलतात. परंतु फलाटापलीकडे रुळांचे जे जाळे पसरलेले असते तिकडे सहसा कोणाची दृष्टी जात नाही. आमचे बालपण त्या जाळ्याच्या काठाशी गेले.

‘शंटिंग’ हा शब्द मराठीने जसाच्या तसा उचलला आहे. यार्डातली माणसे ‘डबे लावणे’ म्हणतात आणि तेवढे पुरेसे आहे. बाहेरून आलेल्या मालगाडीचे डबे निरनिराळ्या गावांचे असतात. मनमाडचा डबा सोलापूरच्या डब्याला लागलेला असतो आणि मध्येच एखादा पुण्याचा. ते सारे सोडवावयाचे, वेगवेगळ्या रुळांवर काढावयाचे आणि पुढच्या गाडीच्या क्रमाने पुन्हा जोडावयाचे. हे काम करणारे इंजिन निराळे असते. ते गाव सोडून जात नाही. दहा डबे घेऊन शंभर पावले पुढे, सहा सोडून पन्नास पावले मागे, असा त्याचा प्रवास रात्रभर चाललेला असतो. बाबा डब्यांच्या अंगावर खडूने गावांची सांकेतिक अक्षरे लिहीत. मनमाडसाठी एमएमआर, सोलापूरसाठी एसयूआर, पुण्यासाठी पीए. चौथीपर्यंत शिकलेल्या माझ्या वडिलांना इंग्रजी येत नव्हते. परंतु ही अक्षरे ते मोठी वळणदार काढीत. इंग्रजीची पहिली अक्षरे मी त्या डब्यांवरच वाचली. शाळेत मास्तरांनी ‘एम’ने सुरू होणारा शब्द विचारला तेव्हा मी ‘मनमाड’ असे उत्तर दिले होते.

त्या काळी दौंडला कोळशाची इंजिने होती. रात्रपाळीला निघताना बाबा तीन रंगांची हातबत्ती घेत. तिच्या काचा आई राखेने घासून लख्ख ठेवी. मालडब्यांची जोडणी स्क्रूची असे. बफरांच्या मधून वाकून आत शिरावे लागे, जड कडी उचलून समोरच्या आकड्यात अडकवावी लागे आणि मग स्क्रू आवळावा लागे. इंजिन त्या वेळी दहा पावलांवर धुमसत उभे असे. आई रात्री जपमाळ म्हणत बसे. बफरांवर बफर आपटल्याचा आवाज आला की तिच्या बोटांतला मणी थांबे. पाठोपाठ बाबांची शिट्टी ऐकू आली की तो पुढे सरके. ती कोणत्या रहस्यावर मनन करीत असे हे परमेश्वरच जाणे.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. सेमिनरीत पहिल्या वर्षी आम्हां नव्या मुलांना आपापली ओळख करून द्यावयास सांगितले गेले. कोणाचे वडील शिक्षक होते, कोणाचे बागायतदार, कोणाचे मुंबईत बँकेत. मी म्हणालो, ‘माझे वडील रेल्वेत आहेत.’ शेजारच्या मुलाने उत्साहाने विचारले, ‘इंजिन ड्रायव्हर?’ मी नाही म्हणालो नाही. एवढेच. पुढे एका रविवारी बाबा मला भेटावयास आले. धुतलेला पांढरा सदरा, विंचरलेले केस, आणि कितीही घासले तरी न जाणारे नखांतले काळे ग्रीस. तोच मुलगा आदराने पुढे झाला आणि म्हणाला, ‘काका, तुम्ही कोणती गाडी चालवता?’ बाबांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले. मग त्याला म्हणाले, ‘गाडी दुसरे चालवतात, बाळ. आम्ही यार्डातली माणसं.’ त्याविषयी ते पुन्हा कधी एका शब्दानेही बोलले नाहीत. मला गुरुदीक्षा मिळाल्यावर ते चारचौघांत मला ‘फादर’ म्हणू लागले, आणि प्रत्येक वेळी मला तो रविवार आठवे. २०११ साली ते गेले. मी क्षमा मागावयाची राहूनच गेली.

हे सारे लिहिण्याचे निमित्त एक इंग्रजी इंजिन आहे. काही वर्षांपूर्वी इंग्लंडच्या ईशान्य भागातील एका धर्मग्रामात तीन महिने बदली धर्मगुरू म्हणून राहण्याचा योग आला. तेथील वृद्ध गुरुवर्य शस्त्रक्रियेसाठी रजेवर होते. रविवारच्या मिस्सेला जेमतेम साठ माणसे असत आणि त्यांतली बहुतेक माझ्या आईच्या वयाची. त्यांच्यातले एक निवृत्त गृहस्थ दर शनिवारी कोठे तरी जात आणि रविवारी दानपात्र फिरवताना त्यांच्या नखांत काळे ग्रीस दिसे. ते मी ओळखले. चौकशी केली तेव्हा कळले की जुनी वाफेची इंजिने दुरुस्त करणाऱ्या एका स्वयंसेवी मंडळाचे ते सभासद आहेत. पुढच्या शनिवारी मी त्यांच्याबरोबर गेलो.

शेडमध्ये जे दिसले त्याने प्रथम निराशाच झाली. यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात मी ‘मॅलार्ड’ पाहिले होते. निळेभोर, चिमणीपासून पाठीपर्यंत एका रेषेत उतरलेले, १९३८ साली ताशी १२६ मैल, म्हणजे २०३ किलोमीटर, या वेगाने धावून वाफेच्या इंजिनांचा जागतिक विक्रम करणारे. येथे मात्र एक ठेंगणी, सहा चाकांची काळीकुट्ट चौकट उभी होती. बॉयलर उतरवून बाजूला ठेवला होता. पाण्याच्या टाक्या भिंतीला टेकवल्या होत्या. ‘ही जोएम,’ गृहस्थ म्हणाले. इंग्रज माणूस इंजिनाला ‘ती’ म्हणतो; आपण मराठीत ‘ते’ म्हणतो आणि मी तसेच म्हणणार आहे. ‘फादर, हिने आयुष्यात एकही नामांकित गाडी ओढलेली नाही. ही शंटिंगची.’

मी पुढे होऊन चौकटीला हात लावला.

या जातीच्या इंजिनांची कथा मोठी विलक्षण आहे. उत्तर-पूर्व इंग्लंड हा कोळशाचा, पोलादाचा आणि जहाजबांधणीचा मुलूख. टाइन आणि टीज या नद्यांच्या काठी खाणींतून आलेला कोळसा जहाजांवर चढे. एवढ्या मालासाठी विस्तीर्ण यार्डे होती आणि यार्डांसाठी शंटिंगची इंजिने लागत. तेथील नॉर्थ ईस्टर्न रेल्वे कंपनीचे इंजिन विभागप्रमुख विल्सन वर्सडेल यांनी १८९८ साली या कामासाठी एक आराखडा केला. त्यांच्याआधी त्यांचेच बंधू टी. डब्ल्यू. वर्सडेल त्या पदावर होते आणि त्यांनी केलेले असे एक इंजिन कामात होतेच. धाकट्या भावाने थोरल्याचे काम मोडले नाही. चाके लहान केली आणि सिलिंडर मोठे केले, इतकेच. चाक लहान म्हणजे वेग कमी, परंतु ओढ अधिक. यार्डात वेगाचे काम नसते. ‘मॅलार्ड’च्या मोठ्या चाकांचा व्यास ६ फूट ८ इंच, या इंजिनाच्या चाकांचा ४ फूट सव्वा इंच. वजन सुमारे साडेअडतीस टन. कोळसा-पाण्यासाठी मागे वेगळा टेंडर नाही. पाणी बॉयलरच्या दोन्ही अंगांना बसविलेल्या टाक्यांत. त्यामुळे पुढे आणि मागे सारख्याच सहजतेने जाता येते, आणि जे इंजिन दिवसातून शेकडो वेळा दिशा बदलते त्याला तेच हवे असते.

१८९८-९९ मध्ये डार्लिंग्टनच्या कार्यशाळेत अशी वीस इंजिने तयार झाली. येथपर्यंत नवल नाही. नवल पुढे आहे. वर्सडेलनंतर व्हिन्सेंट रेव्हन आले. यॉर्क ते न्यूकॅसल हा मुख्य मार्ग विजेवर चालवावा असे स्वप्न पाहणारा आणि १९२२ साली त्यासाठी विजेचे इंजिनही बांधून दाखविणारा हा माणूस. परंतु शंटिंगसाठी आणखी इंजिने हवीत असे म्हटल्यावर त्यांनी १९१४ ते १९२२ या काळात वर्सडेलच्याच आराखड्याची पंचावन्न बांधून घेतली. १९२३ साली लहान कंपन्या एकत्र होऊन लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वे झाली आणि नायजेल ग्रेस्ली प्रमुख झाले. ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ आणि ‘मॅलार्ड’ यांचे जनक ते हेच. ज्या डॉनकॅस्टरच्या कार्यशाळेतून १९२३ मध्ये ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ बाहेर पडले, तेथेच १९२५ मध्ये ही ठेंगणी इंजिने दहा तयार झाली. जुन्याच नकाशावरून. मग दुसरे महायुद्ध होऊन गेले, १९४८ साली ब्रिटनच्या रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि सरकारी मालकीच्या नव्या रेल्वेने १९४९ ते १९५१ या दोन वर्षांत आणखी अठ्ठावीस बांधली. एकूण ११३. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यात काढलेला आराखडा तिच्या पणतूच्या, सहाव्या जॉर्जच्या राज्यातही वापरात होता. त्रेपन्न वर्षे, तीन मालक, आणि आराखड्यात सांगण्यासारखा बदल नाही.

हे ऐकून मला प्रथम वाटले की हा इंग्रजांचा सनातनीपणा असावा. त्यांच्या रेल्वेविषयी तसे म्हणणारे तेथेही पुष्कळ आहेत, आणि १९५१ साली वाफेचेच नवे इंजिन बांधणे शहाणपणाचे होते काय, असा प्रश्न आजही कोणी विचारला तर तो चुकीचा नाही. परंतु गृहस्थांनी दिलेले उत्तर मला पटले. एक्स्प्रेस गाड्यांचे डबे जड होत गेले, प्रवाशांना वेग हवासा झाला, म्हणून एक्स्प्रेसची इंजिने दर दहा वर्षांनी बदलत गेली. यार्डातले काम मात्र १८९८ मध्ये जे होते तेच १९५१ मध्ये होते. डबा ढकलावयाचा, थांबावयाचे, परत यावयाचे. कामच बदलले नाही तर इंजिनाने काय म्हणून बदलावे?

डार्लिंग्टनला एप्रिल १९५१ मध्ये तयार झालेले, ६९०२३ या क्रमांकाचे इंजिन म्हणजे हे जोएम. तेव्हा त्याला हे नाव नव्हते; शंटिंगच्या इंजिनाला नाव देतो कोण? ते जन्मले तेव्हाच त्याचा काळ संपत आलेला होता हे दुर्दैव. १९५२ सालापासून ब्रिटिश रेल्वेने साडेतीनशे अश्वशक्तीची डिझेल शंटिंग इंजिने बांधावयास घेतली आणि दहा वर्षांत ९९६ बांधली. त्यामागचे कारण सरळ आहे. शंटिंगच्या इंजिनाचा निम्मा वेळ उभे राहण्यात जातो. डब्यांची वाट पाहावयाची, सिग्नलची वाट पाहावयाची. वाफेचे इंजिन उभे असतानाही आग जागी ठेवावी लागते, पाण्याची पातळी राखावी लागते आणि फायरमनला हजर राहावे लागते. पहाटे काम हवे असेल तर मध्यरात्रीच आग पेटवावी लागते, कारण थंड बॉयलरला घाई चालत नाही. तो घाईघाईत तापवला तर पत्रा आणि नळ्या वेगवेगळ्या गतीने प्रसरण पावून सांधे गळू लागतात. डिझेलला हे काही लागत नाही. एक माणूस बटण दाबतो, काम संपले की बंद करतो. हिशेबाच्या वहीत वाफेचे इंजिन हरणारच होते. १९५८ पासून ही इंजिने मोडीत जाऊ लागली. १९६४ च्या शरद ऋतूत ६९०२३ चे नाव इंजिनांच्या पटावरून कमी झाले.

मात्र ते त्याच वेळी मोडीत गेले नाही. त्याला आणि त्याच्या एका भावंडाला रेल्वेने स्वतःच्या अंतर्गत कामासाठी ठेवून घेतले. कोणते काम? कडक हिवाळ्यात रुळांचे सांधे गोठतात, पॉइंट्स हलत नाहीत. तेथे जाऊन वाफेने बर्फ वितळविण्याचे. जुना क्रमांक गेला, ५९ हा नवा मिळाला. नव्या डिझेलना वाफ नव्हती, आणि ज्या पॉइंट्सवरून आता ती डिझेल इंजिने धावणार होती ते मोकळे करावयास हे म्हातारे इंजिन थंडीत उभे राही. अशी दोन वर्षे गेली.

१९६६ साली एका गृहस्थाने ते ब्रिटिश रेल्वेकडून विकत घेतले. हे घडले नसते तर आज ११३ पैकी एकही दिसले नसते, कारण राष्ट्रीय संग्रहासाठी जतन करावयाच्या इंजिनांच्या यादीत या जातीला स्थान नव्हते. विक्रम करणारी, राजघराण्याच्या गाड्या ओढणारी इंजिने सरकार जपते. ते योग्यच आहे. त्या मालकाने आपल्या इंजिनाला हिरवा रंग दिला. तोही आधार असलेला. न्यूकॅसल आणि यॉर्क या मोठ्या स्थानकांत प्रवाशांच्या डोळ्यांसमोर शंटिंग करणाऱ्या या जातीच्या दोन इंजिनांना १९६० मध्ये जुन्या नॉर्थ ईस्टर्न कंपनीचा हिरवा रंग दिला गेला होता. आणि त्याने त्याला नाव दिले. वडिलांचे नाव जोसेफ, आईचे एमेलिन. दोघांच्या नावांतील पहिली अक्षरे जोडून ‘जोएम’.

शेडमधल्या त्या गृहस्थांनी हे सहज बोलता बोलता सांगितले. हातात पाना होता आणि ते दुसरीकडे पाहत होते. मी काही बोललो नाही. बोलता आले नसते.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. पश्चिम यॉर्कशायरमध्ये कीली ते ऑक्सनहोप हा पाच मैलांचा बंद पडलेला मार्ग स्वयंसेवकांनी १९६८ साली पुन्हा सुरू केला. जोएम त्या रेल्वेवर राहावयास गेले. १९७७ मध्ये ते यॉर्कजवळच्या डर्वेंट व्हॅली लाइट रेल्वेवर गेले आणि तेथे चक्क प्रवासी गाडी ओढू लागले. ती सेवा १९७९ मध्ये थांबली. १९८२ साली नॉर्थ ईस्टर्न लोकोमोटिव्ह प्रिझर्व्हेशन ग्रुप या स्वयंसेवी मंडळाने ते विकत घेतले. हे मंडळ १९६६ साली, म्हणजे जोएम मोडीतून वाचले त्याच वर्षी, स्थापन झालेले. त्यानंतर नॉर्थ यॉर्कशायर मूर्स रेल्वेवरही ते धावले. त्या मार्गावर एकोणपन्नासास एक असा चढ आहे. साडेअडतीस टनांच्या यार्डातल्या इंजिनाला तो कसा वाटला असेल याची मी कल्पना करू शकतो. आयुष्यभर डबे दुसऱ्यांच्या हवाली करणाऱ्याला उतारवयात स्वतःची गाडी मिळाली, हे मला फार आवडले. बाबांना सोलापूरपर्यंत एकदा इंजिनात बसवून न्यावे असे एका ड्रायव्हरने कबूल केले होते. ते राहून गेले.

आपल्याकडेही यार्डातल्या इंजिनांकडे फारसे कोणी पाहिलेले नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास गेलेल्या पहिल्या गाडीची तीन इंजिने, साहिब, सिंध आणि सुलतान, शाळेतल्या मुलांनाही पाठ असतात. परंतु त्याच्या आधीच्या वर्षी, १८५२ मध्ये, भायखळ्याच्या आसपास बांधकामाचे डबे मागेपुढे ढकलणारे ‘फॉकलंड’ नावाचे लहानसे इंजिन होते; मुंबईकरांनी वाफेचा धूर प्रथम पाहिला तो त्याचा. तत्कालीन गव्हर्नरांचे नाव त्याला मिळाले होते, तरीही ते लोकांच्या स्मरणात राहिले नाही.

इंजिन जतन करणे म्हणजे काय, हे मला त्या शेडमध्ये कळले. माझी कल्पना अशी की इंजिन चौथऱ्यावर ठेवावे, दरवर्षी रंग द्यावा. आपल्याकडे कित्येक स्थानकांबाहेर तशी इंजिने उभी आहेत आणि मुले त्यांवर चढतात. परंतु चालते इंजिन राखणे ही निराळी गोष्ट आहे. तेथे बॉयलरच्या प्रमाणपत्राची मुदत दहा वर्षांची असते. ती संपली की इंजिन धावू शकत नाही. बॉयलर चौकटीवरून उचलावा लागतो, आतल्या सगळ्या नळ्या काढाव्या लागतात, तांब्याच्या फायरबॉक्सचा पत्रा कोठे झिजला आहे ते इंचाइंचाने मोजावे लागते, तो पत्रा धरून ठेवणारे शेकडो खिळ्यांसारखे दांडे तपासून बदलावे लागतात. मग थंड पाण्याच्या दाबाखाली परीक्षा आणि त्यानंतर वाफेच्या दाबाखाली. या इंजिनाचा दाब चौरस इंचास १४० पौंड. हे सारे शनिवारच्या शनिवारी, निवृत्त माणसांच्या हातांनी, देणग्यांच्या पैशांवर. त्यामुळे वर्षे जातात. आणि दहा वर्षांनी पुन्हा पहिल्यापासून.

मी विचारले, ‘नळ्या नव्या, पत्रा नवा, उद्या टाक्याही नव्या होतील. मग हे १९५१ चे इंजिन कसे?’ सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही द्रव्य आणि उपाधी यांवर तासन् तास वाद घातले होते, ते मला आठवत होते. गृहस्थांनी चौकटीवर पान्याने टक्‌टक् केले. ‘चौकट तीच आहे, फादर. चौकट म्हणजे इंजिन.’ मग हसून म्हणाले, ‘पण तेही खरे मानू नका.’ त्यांनी समजावून सांगितले की कार्यशाळेत एकाच जातीची चार इंजिने एकदम दुरुस्तीला येत, तेव्हा एकाचा दांडा दुसऱ्याला आणि दुसऱ्याचा तिसऱ्याला बसे. भागांवर क्रमांक ठोकलेले असतात. तेल पुसून पाहिले तर शेवटी उरलेल्या इंजिनाच्या अंगावर मोडीत गेलेल्या भावंडांचेही क्रमांक सापडतात. हे उत्तर मला कोणत्याही वर्गात मिळालेले नव्हते.

दुपारी शेडच्या कोपऱ्यात लाकडी खोक्यांवर आम्ही चहा घ्यावयास बसलो. बाहेर पाऊस सुरू झाला होता. पत्र्यावर त्याचा आवाज दौंडच्या क्वार्टरसारखाच होत होता. भिंतीला सहा फूट लांबीची, टोकाला लोखंडी आकडा असलेली काठी टेकवून ठेवली होती. मी विचारल्यावर ते म्हणाले, शंटिंग करणाऱ्याची काठी. तिने डब्यांच्या बाजूला उभे राहूनच साखळी उचलून आकड्यात घालता येते, मध्ये शिरावे लागत नाही. ‘आमच्याकडे मध्ये शिरावे लागे,’ मी म्हणालो. त्यांनी कप खाली ठेवला.

‘तुमच्याकडे म्हणजे? तुमचा रेल्वेशी काय संबंध, फादर?’

‘माझे वडील शंटिंग जमादार होते,’ मी म्हणालो. ‘अडतीस वर्षे. गाडी चालवत नसत. यार्डात असत.’

एवढी दोन-तीन वाक्ये म्हणावयास मला आयुष्यातील कितीतरी वर्षे लागली होती. त्यांना अर्थात ते कळण्याचे कारण नव्हते. ते फक्त म्हणाले, ‘मग एवढा वेळ मी तुम्हांला काय शिकवत बसलो होतो!’ आणि लगेच दुसरा प्रश्न: रात्री बत्तीने खुणा कशा करीत?

मी उठून उभा राहिलो. लहानपणी अंगणात बाबांच्या मागे उभा राहून मी त्या खुणांची नक्कल करीत असे, त्यामुळे हात विसरला नव्हता. हात सावकाश वर-खाली: माझ्यापासून दूर जा. अंगासमोरून आडवा, या बाजूकडून त्या बाजूकडे: माझ्याकडे ये. गृहस्थही उठले आणि त्यांनी त्याच दोन खुणा करून दाखविल्या. तंतोतंत त्याच. फरक एवढाच की आपल्याकडे या खुणांना हिरवा दिवा वापरतात, त्यांच्याकडे पांढरा. ‘आणि अगदी हळू, जोडणीसाठी?’ त्यांनी विचारले. मी हात डोक्यावर धरला आणि मनगट इकडून तिकडे फिरवले. बाबा हे करीत तेव्हा बत्तीचा हिरवा ठिपका अंधारात जागच्या जागी थरथरे आणि इंजिन श्वास रोखल्यासारखे पुढे सरके.

शेडमधले इतर दोघे काम थांबवून आमच्याकडे पाहू लागले होते. पांढऱ्या गळपट्टीतला काळासावळा पाद्री आणि त्यांचा सोबती, दोघेही बॉयलर नसलेल्या इंजिनापुढे हात हलवीत उभे. गृहस्थांनी त्यांना हाक मारून सांगितले, ‘फादरांचे वडील शंटर होते.’ त्यांपैकी एकाने हातमोजा काढला, आला आणि माझ्याशी हस्तांदोलन केले. माझ्या तळव्याला ग्रीस लागले. मी ते रविवारच्या मिस्सेपर्यंत पुष्कळ घासले. नखांत थोडे राहिलेच.